काउआईचा ओओ



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा चरीच्या संपाची होती. ती रास्तच होती. अलिबाग तालुक्यातल्या त्या गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले आणि तो संप सहा वर्षे चालवला. माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने दुसरे काय बोलावे? पण चरीवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे इथे बोलून गेली आहेत. तेव्हा मी एका पाखराचा विषय सांगितला. चिटणीस क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही? पाखरावर?"

त्यांचे आश्चर्य खोटे नव्हते. मी पक्षितज्ज्ञ नाही. मिठागरावर राबणाऱ्या बापाचा मी मुलगा. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. या पाखरापर्यंत मी पोचलो तोही संपाच्याच वाटेने. चरीसारखे दीर्घ संप जगात आणखी कुठे झाले याची टिपणे काढीत होतो. त्यात हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांची हकीकत आली आणि तिच्यात एक नाव आले, हानापेपे. काउआई नावाच्या बेटावरचे हे छोटे गाव. ९ सप्टेंबर १९२४ रोजी तिथे संपकरी फिलिपिनो मजूर आणि पोलीस यांची चकमक झाली. सोळा मजूर आणि चार पोलीस ठार झाले. मागणी काय होती? दिवसाला दोन डॉलर आणि आठ तासांचा दिवस. मेलेल्या मजुरांना जिथे पुरले ती जागासुद्धा पुढे कितीतरी वर्षे लोक विसरून गेले होते.

मी काउआईबद्दल मिळेल ते वाचू लागलो. आणि जिथे जिथे काउआई हे नाव येई, तिथे संपाच्या आधी एका पक्ष्याचे नाव येई. त्याचे नाव ओओ. प्रथम मला राग आला, हे कबूल करतो. सोळा माणसे मेली त्यांचे नाव नाही, आणि एक पाखरू मेले त्याची जगभर हळहळ! रागानेच मी त्या पाखराची हकीकत वाचायला घेतली. ती संपेपर्यंत माझ्या ध्यानात आले की या दोन हकीकती वेगळ्या नाहीत. दोन्ही एकाच मळ्याच्या वहीतल्या नोंदी आहेत.

आधी बेट कुठले ते सांगतो. प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई बेटांची रांग आहे. सर्वांत जवळचा खंड जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर. त्या रांगेत काउआई हे वायव्येकडचे एक बेट, आपल्या रायगड जिल्ह्याच्या एक-पंचमांश एवढे. मध्यभागी वायअलेअले नावाचा डोंगर; तिथला पाऊस आपल्या माथेरानलाही मागे टाकील असा, जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक. या डोंगराच्या पाठीवर अलाकाई नावाचे दलदलीचे, धुक्याचे, शेवाळाचे पठारी जंगल आहे. इतक्या दूरच्या बेटांवर जे पक्षी लाखो वर्षांपूर्वी वाऱ्याबरोबर येऊन पडले, त्यांची तिथे स्वतंत्र घराणी झाली. ओओ त्यांतल्याच एका घराण्याचा.

पक्षी दिसायला मोठा ऐटबाज नव्हे. लांबी वीतभर, रंग काळपट तपकिरी, आणि मांड्यांवर तेवढा पिवळा पिसांचा झुबका. फुलांतला मध, किडे, गोगलगाई हे त्याचे अन्न. घरटे झाडाच्या ढोलीत. त्याचे वैभव गळ्यात होते. आपल्यापैकी जे पावसाळ्यात पहाटे कर्नाळ्याच्या जंगलात गेले असतील त्यांनी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकली असेल. एखादा शाळा बुडवलेला पोरगा रमतगमत शीळ घालीत जावा तशी ती येते. इंग्रजांनी त्याला नावही तसेच दिले होते. ओओचा आवाज त्याहून पोकळ, बासरीच्या खालच्या पट्टीतला, रानात घुमणारा. नर गाई, मादीही गाई, आणि जोडी एकमेकांना उत्तर देत गाई. हे शेवटचे कृपा करून लक्षात ठेवा.

ओओच्या एकूण चार जाती होत्या, चार बेटांवर एकेक. त्यांचा एक भाऊबंद किओइया हवाईच्या मोठ्या बेटावर होता. तो १८५९ नंतर दिसला नाही. ओआहू बेटावरचा ओओ १८३७ नंतर दिसला नाही, मोलोकाईवरचा १९०४ नंतर, आणि हवाईच्या मोठ्या बेटावरचा १९३४ च्या सुमारास संपला. राहिला काउआईचा. पूर्वी हे पक्षी ऑस्ट्रेलियाकडच्या मधुभक्षी पक्ष्यांचे नातेवाईक समजले जात. २००८ साली संग्रहालयांतल्या वाळल्या कातड्यांवरून त्यांचे रक्ताचे नाते तपासण्यात आले. तेव्हा कळले की तो समज चुकीचा होता. हे एक सर्वस्वी वेगळे कुळ होते. म्हणजे कुळ आहे हे कळले तेव्हा कुळात कोणी उरले नव्हते. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागेपर्यंत वारस मरतो, तशातलाच हा प्रकार.

आता ओओ कसा गेला? पहिले उत्तर बहुतेक लोक देतात ते पिसांचे. हवाईचे राजे आणि सरदार पिवळ्या-तांबड्या पिसांचे झगे वापरीत, आणि ही पिसे कराच्या रूपाने वसूल होत. पाखरे धरणाऱ्यांचा धंदाच होता. फांदीला चीक लावून ते पक्षी पकडीत. पण काउआईच्या ओओजवळ पिवळी पिसे थोडीच. शिवाय राजांच्या कारकिर्दी येऊन गेल्या तरी पाखरे शिल्लक होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काउआईवर हा पक्षी समुद्रकाठच्या रानापासून डोंगरमाथ्यापर्यंत होता. तेव्हा सगळा दोष त्या राजांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. ती सोयीची समजूत आहे. राजे गेले, त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही.

कॅप्टन कुक याचे जहाज जानेवारी १७७८ मध्ये काउआईच्याच वायमेआ गावी लागले. त्याच्यामागून व्यापारी, देवमासे मारणारे आणि पाद्री आले. बरोबर गुरे, बकऱ्या, मांजरे आली, आणि जहाजांच्या पोटातून उंदीर आले. पण त्या सर्वांपेक्षा मोठा पाहुणा १८२६ साली आला. माउई बेटावरील लहैना बंदरात वेलिंग्टन नावाचे जहाज लागले. त्याच्या पाण्याच्या पिंपांत मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचे शिळे पाणी होते. खलाशांनी पिंपे ओढ्यात विसळली. त्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या.

तोपर्यंत हवाई बेटांवर डास नव्हता. आपल्यासारख्या खाडीकाठच्या माणसाला हे स्वर्गाचेच वर्णन वाटेल! हा डास कुठला, तर क्यूलेक्स. आपल्या गटारात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो तोच.

१८३५ साली काउआईवर कोलोआ येथे हवाईतला पहिला टिकलेला ऊसमळा सुरू झाला. आता माझ्या ओळखीचा मुलूख आला. कोलोआच्या मजुरांना मजुरी मळ्याच्या दुकानात चालणाऱ्या कागदी कुपनांत मिळे. १८४१ मध्ये तिथल्या हवाईयन मजुरांनी मजुरी वाढवून मागण्यासाठी काम बंद ठेवले. हवाईतला नोंदलेला पहिला संप तो. फसला. पण मालकांनी त्यातून धडा घेतला, की मजूर इथला नको, लांबचा हवा. आणि एकाच देशाचा नको, चार देशांचा हवा, म्हणजे एकजूट होणार नाही. चीन, जपान, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपाइन्स असे एकामागून एक मजुरांचे तांडे आले. ही युक्ती आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. कंत्राटदार आजही गेटाबाहेर भाषा पाहूनच टोळ्या करतो.

या मजूरभरतीतच आपल्या गोष्टीचा सांधा आहे. विल्यम हिलब्रांड नावाचे एक जर्मन वैद्य होनोलुलूत राहत. राजाच्या घराण्याचे डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार, माणूस चांगला. १८६५ साली हवाईच्या सरकारने त्यांना मळ्यांसाठी मजूर मिळवायला आशियात पाठवले. ते चीनला गेले, हिंदुस्थानात आले. चीनमधून मजुरांची जहाजे रवाना केली. येताना झाडे आणली, आणि पक्षी आणले. त्या पक्ष्यांत होती आपली साळुंकी. कुरणांतल्या अळ्या खाऊन टाकील म्हणून नेली. मजूरही कामाला, साळुंकीही कामाला. दोघांची भरती एकाच माणसाने केली! साळुंकी तिथे अशी रुजली की आज होनोलुलूच्या रस्त्यात ती आपल्या एस. टी. स्टँडवरच्यासारखीच तोऱ्यात चालते. कुठे ढोली दिसली की पहिला हक्क तिचा. आणि बाहेरून नेलेल्या पाखरांच्या रक्तात काय काय गेले, ते त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

मुंगसाची गोष्टही आपल्याच देशातून निघते. उसातले उंदीर मारायला १८७२ साली कलकत्त्याहून मुंगसे जमेकात नेली आणि जमेकाहून १८८३ मध्ये हवाईत. उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा, हे मळेवाल्यांच्या ध्यानात आले नाही. मुंगसाने जमिनीवरच्या पाखरांची अंडी खाल्ली. काउआई मात्र त्यातून वाचले. तिथल्या धक्क्यावर पिंजरा उतरवताना मुंगसाने कोणाचे तरी बोट चावले आणि त्या माणसाने रागाने पिंजराच समुद्रात फेकला, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, मुंगूस तिथे रुजला नाही, आणि काउआईची पाखरे इतर बेटांपेक्षा जास्त दिवस टिकली त्याचे हे एक कारण धरतात.

आता कलकत्त्यातच थोडे थांबू. रोनाल्ड रॉस यांचे नाव आपण हिवतापाच्या संदर्भात ऐकतो. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात माणसाच्या हिवतापाचा जंतू दिसला. पण डासाच्या पोटातून तो पुन्हा दुसऱ्याच्या रक्तात कसा जातो, ही संपूर्ण साखळी त्यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात सिद्ध केली, ती माणसांवर नव्हे, पाखरांवर. चिमण्या आणि चंडोल पिंजऱ्यात ठेवून, त्यांना डास चावू देऊन. डास आणि पाखरे धरण्याचे, सांभाळण्याचे काम महंमद बक्स नावाचा त्यांचा सहायक करी. नोबेल पारितोषिक १९०२ मध्ये रॉस यांना मिळाले. बक्स यांचे नाव शोधून काढावे लागते. असो. सांगायचा मुद्दा असा, की कलकत्त्याच्या त्या पिंजऱ्यांत जो डास होता तो हाच क्यूलेक्स, आणि जो जंतू होता तोच पुढे हवाईच्या रानात सापडला. चिमणी त्या तापाने सहसा मरत नाही. तिच्या पूर्वजांची त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज झालेली. हवाईच्या पाखरांनी डासच पाहिला नव्हता, मग ताप कुठला? आमच्या मिठागरात नवा आलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात जसा कोलमडतो, तशी ती पाखरे कोलमडली.

त्यांना खाली राहणे अशक्य झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोकांच्या ध्यानात आले की किनाऱ्यालगतच्या रानांत आता पाखरे गात नाहीत. यावर उपाय काय झाला ऐका. १९३० साली होनोलुलूत 'हुई मनू' नावाचे मंडळ निघाले. हुई म्हणजे मंडळ, मनू म्हणजे पक्षी. रान मुके झाले आहे, तर बाहेरून गाणारी पाखरे आणून सोडू या, असा त्यांचा उद्देश. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ते मंडळ चालले. वर्गण्या काढून देशोदेशीची पाखरे आणली, सोडली. त्यांपैकी कित्येकांच्या रक्तात तो जंतू असणार. मंडळातले लोक दुष्ट नव्हते, हे पुन्हा सांगतो. उलट पाखरांवर त्यांच्याइतके प्रेम त्या शहरात कोणाचेही नसेल.

रोगाचा हा धागा रिचर्ड वॉर्नर या संशोधकाने जोडला. त्याचा निबंध १९६८ चा आहे. डास नसलेल्या जागेतली काही स्थानिक पाखरे त्याने खाली, डासांच्या मुलखात आणली. काही पिंजऱ्यांवर मच्छरदाणीसारखे पातळ कापड घातले, काहींवर नाही. कापडाखालची जगली. उघडी मेली. एवढा साधा प्रयोग. तो पन्नास वर्षे आधी कोणी का केला नाही, असे मनात येते. पण रोजगार हमीच्या हजेरीपटावरही आकडे वर्षानुवर्षे पडून असतातच, कोणी बेरीज करीत नाही.

डासाला आणि त्या जंतूला थंडी सोसत नाही. म्हणून उंच डोंगर हाच पाखरांचा किल्ला झाला. हवाईच्या मोठ्या बेटाचे पर्वत चार हजार मीटरांवर जातात. तिथे पाखराला वर सरकायला जागा आहे. काउआईचा सर्वांत उंच माथा अवघा १,५९८ मीटर. अलाकाईचे पठार त्याहूनही खाली. म्हणजे किल्ला होता, पण तटाची उंची कमी. त्यात रानडुकरांनी झाडासारख्या वाढणाऱ्या नेच्यांची खोडे मऊ गरासाठी फोडली. त्या पोकळ खोडांत पाणी साचले, आणि डासाला वरपर्यंत चढायला पायऱ्या मिळाल्या.

इथे मळेवाल्यांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी हिशेब खोटा मांडला असे होईल. उसाला पाणी लागते. डोंगरावरचे रान तुटले तर ओढे आटतात, हे मळेवाल्यांना लवकर कळले. १९०३ मध्ये हवाईत राखीव जंगलांचा कायदा झाला, त्यामागे साखरवाल्यांचा जोर होता. अलाकाईच्या कडेच्या ओढ्यांचे पाणी पाटांनी कोरड्या बाजूच्या मळ्यांत गेले, आणि त्या पाण्यासाठी वरचे रान राखले गेले. ओओला शेवटचा आसरा मिळाला तो साखरेच्या पाण्यामुळे. खालचे रान ज्यांनी उसासाठी काढले, त्यांनीच वरचे उसासाठी ठेवले. त्यात पाखराचा विचार एकदाही झाला नाही.

आणि आमच्या लोकांनी? १ सप्टेंबर १९४६ रोजी हवाईतल्या जवळजवळ २६ हजार साखर कामगारांनी संप केला. चौतीसपैकी तेहतीस मळे बंद पडले. एकोणऐंशी दिवस. जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज, हवाईयन सगळे एका युनियनखाली. सामुदायिक भटारखान्यांतून जेवण. शिकारीला आणि मासेमारीला टोळ्या. मालकांची शंभर वर्षांची भाषावार युक्ती त्या एकोणऐंशी दिवसांत मोडली. हा संप वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि आजही येतो. त्यांच्या मागण्यांत जंगल नव्हते. असावे तरी कसे? ज्याच्या घराचे छत मळ्याचे, त्याने आधी छताचीच मागणी केली पाहिजे. मी त्यांना दोष देत नाही. पण हे वाचताना मला माझा एक दिवस आठवला, आणि तो सांगण्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात एका कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी होती. खाडीलगतचे खाजण आणि तिवरांचे रान त्यात भरावाखाली जाणार होते. आम्ही कामगार मोठ्या संख्येने गेलो होतो. चारशे जणांना काम मिळेल असे आश्वासन होते. एक कॉलेजातली मुलगी उठली. हातात कागद होता. त्या खाजणात तिने दोन वर्षे मोजलेल्या पक्ष्यांची यादी ती वाचू लागली. चार-पाच नावे वाचून झाली असतील. मी मागे वळून आमच्या पोरांकडे पाहिले. त्यांना माझी नजर कळते. सभागृहात हशा पिकला, मग शिट्या, मग घोषणा. कोणीतरी ओरडले, "माणसं उपाशी आणि हिला पाखरं!" ते वाक्य माझेच होते, आदल्या दिवशीच्या गेटसभेत मीच बोललो होतो. मुलगी खाली बसली. यादी अर्धीच राहिली. इतिवृत्तात तिचे नावही आले नाही. विस्तार झाला, चारशेपैकी साठ जणांना काम मिळाले, तेही कंत्राटी.

हे सांगून मला पश्चात्तापाचे प्रदर्शन मांडायचे नाही. त्या साठ घरांत चूल पेटली याचे मोल मी जाणतो. पण ज्या सभागृहात मी आयुष्यभर "बोलू द्या" असे ओरडलो, तिथे मी एकीला बोलू दिले नाही, ही गोष्ट राहतेच.

आता पुन्हा अलाकाईकडे. १९६७ च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने संकटग्रस्त प्राण्यांची पहिली यादी काढली, तिच्यात काउआईचा ओओ होता. जॉन सिन्कॉक नावाचे सरकारी जीवशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे त्या चिखलात तंबू ठोकून पाखरे मोजीत राहिले. १९७१ साली त्यांना ओओचे घरटे सापडले, जुन्या झाडाच्या ढोलीत. १९८१ च्या गणनेत एकच जोडी आढळली. २३ नोव्हेंबर १९८२ रोजी ईवा नावाचे चक्रीवादळ काउआईवरून गेले. निसर्ग वादळाने झालेले रायगडच्या बागांचे हाल ज्यांनी २०२० मध्ये पाहिले, त्यांना मी काय सांगू? ढोलीची जुनी झाडे आधी पडतात. वादळानंतर मादी दिसली नाही. नर तेवढा राहिला.

तो गात राहिला. जोडीने गाणारा पक्षी तो. एक चरण आपला, मग थांबायचे, दुसरा चरण तिचा. तो आपला चरण म्हणे आणि थांबे. त्याचे आवाज ध्वनिमुद्रित झाले आहेत आणि आज कोणालाही ऐकता येतात. एका संशोधकाची हकीकत सांगतात, की त्याने आवाज मुद्रित केला आणि नीट उमटला आहे की नाही ते पाहण्यासाठी तिथेच यंत्रावर वाजवून पाहिला. तेवढ्यात दूर गेलेला पक्षी झपाट्याने परत आला. त्याला वाटले, उत्तर आले.

१९८५ मध्ये तो शेवटचा दिसला. १९८७ मध्ये शेवटचा ऐकू आला. त्याच वर्षी जूनमध्ये आपले सलीम अली वारले. नोकरी सुटलेली असताना १९३० साली ते आपल्या किहीमला येऊन राहिले, आणि घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांचा त्यांनी असा अभ्यास केला की जगाने दखल घेतली. सुगरण काही दुर्मीळ पक्षी नव्हता, आजही नाही. नेहमीचे पाखरू असताना त्याच्याकडे बघावे, हे त्यांनी किहीमला केले; सिन्कॉक यांच्या वाट्याला फक्त शेवटची काही पाखरे आली.

११ सप्टेंबर १९९२ रोजी इनिकी नावाचे त्याहून भयंकर वादळ आले. त्यानंतर लोक अलाकाईत शोधत राहिले, आवाज वाजवून पाहत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने एकवीस जीवजाती नामशेष झाल्या म्हणून यादीतून काढल्या. त्यांत हवाईची आठ पाखरे, आणि त्यांतली चार एकट्या काउआईची. ओओ त्यांत एक. म्हणजे शेवटचा आवाज आणि सरकारी दाखला यांत छत्तीस वर्षे गेली.

ऊसही गेला, बरे का. काउआईवर शेवटचा ऊस २००९ साली तुटला. हवाईतला शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या अखेरीस माउईवर बंद पडला. ज्या पिकासाठी एवढी उलथापालथ झाली, ते पीक परवडेना म्हणून मालकांनी सोडून दिले. मजुरांची नातवंडे आता हॉटेलांत कामाला आहेत. डास मात्र तिथेच आहे, आणि हवामान तापू लागल्यापासून तो वर वर चढतो आहे. अलाकाईचे अकिकिकी नावाचे एक करड्या रंगाचे चिमणीएवढे पाखरू आहे. २०२३ मध्ये रानात त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी संख्या उरल्याचे सांगण्यात आले. ते वाचवण्यासाठी आता डासाविरुद्ध डासच सोडत आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास, ज्यांच्याशी जुगलेल्या रानातल्या मादीची अंडी उबत नाहीत. नर चावत नाही, म्हणून धोका नाही. २०२३ च्या अखेरीस माउईवर हे काम सुरू झाले, नंतर काउआईवर. हेलिकॉप्टरमधून, ड्रोनमधून आठवड्यामागून आठवडे डास टाकतात. १८२६ साली एका जहाजाच्या पिंपातून जे सांडले, ते आवरण्यासाठी दोनशे वर्षांनी एवढा खटाटोप चालू आहे. यश येईल की नाही, मला सांगता येणार नाही.

युनियनच्या कचेरीत एका संध्याकाळी आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने त्याच्या मोबाईलवर ओओचा तो आवाज लावला. मिठागरातले एक म्हातारे कामगार बाकावर बसले होते. त्यांना मी काहीच सांगितले नव्हते. त्यांनी ऐकले, आणि विचारले, "हा मध्ये मध्ये थांबतोय कशाला?" मी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव."

त्या जनसुनावणीतल्या मुलीचा पत्ता मी गेल्या वर्षी काढला. ती आता शिक्षिका आहे. मी तिच्याकडे ती यादी मागितली. तिने कारण विचारले नाही, दुसऱ्या दिवशी एक प्रत आणून दिली. तीत सत्तेचाळीस नावे आहेत. मी माझ्या बापाबरोबर त्याच खाजणाच्या काठी वाढलो; त्यांतली अकरा मला ओळखता येतात.